वारा नाही तिथली वस्ती

गुरुजी, परवा आपला एक माणूस वर गेला. म्हणजे तुमच्यासारखा नव्हे, जाऊन परत येणाऱ्यांतला. परक्या देशाच्या यानात बसून पृथ्वीभोवती फेऱ्या मारून सुखरूप खाली उतरला. रेडिओवर पहिल्यांदा बातमी लागली तेव्हा मी ज्वारी निवडत होते. हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलं का?" मग लक्षात आलं. मग थोडी रडले, आणि मग मला तुमचा राग आला. सगळा जन्म तुम्ही ज्या बातमीची वाट बघत काढला, ती यायच्या तोंडावर निघून गेलात. एवढी कसली घाई झाली होती? एसटी गाठायला तर तुम्ही कधी वेळेवर पोचला नाहीत.

अशोक विष्णुपुरीच्या कॉलेजातून सायकल दामटत घरी आला. दारातच म्हणाला, "आई, बाबा पाहिजे होते." मी म्हटलं, "असते तर वाद घातला असता." तो हसला, पण मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाला असता. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, "चंद्रावर गेला का? न्हाई ना? मग? गावाला वळसा घालून आल्यावर कोणी गावात जाऊन आलो म्हणत न्हाई."

तुमच्या पुण्यानुमोदनाला लोकांनी भाषणं केली. कोणी म्हणालं, गुरुजी आकाशाचे वेडे होते. कोणी म्हणालं, माणूस एक दिवस ताऱ्यांवर नांदेल या स्वप्नात त्यांनी डोळे मिटले. मी पदर तोंडाला लावून बसले होते. बायकांना वाटलं, हुंदका आवरतेय. खरं म्हणजे मी हसू आवरत होते. मला एकटीला ठाऊक होतं की शेवटच्या दोन वर्षांत तुमचा त्या चंद्रावरचा विश्वास पार उडाला होता, आणि तुमच्या बाजूनं तुमच्याशीच भांडायचं काम माझ्याकडं आलं होतं. माझ्याकडं! जिनं माणूस चंद्रावर उतरला हेच मुळात कधी धड मानलं नव्हतं. तो वाद अर्धा टाकून तुम्ही गेलात. मला अर्धं काम टाकवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, मास्तर नवरा मिळाला, आता सावलीत बसायचं. हदगावला माझ्या माहेरी आभाळाकडं बघायचं ते पावसासाठी नाहीतर वाळत घातलेले पापड उचलायच्या वेळी. तुम्ही आलात ते बोटानं चांदण्या दाखवत. शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतून झालेलं, त्यामुळं तुमचा मंगळसुद्धा 'मिर्रीख' होता. पहिल्यांदा सासरवाडीला जेवायला बसलात आणि आईला सांगायला लागलात की एक दिवस मिर्रीखवर माणसांची वस्ती होईल. तिला वाटलं, हैदराबादेकडचं एखादं गाव असावं. ती म्हणाली, "पानी हाय का तिथं? न्हाई तर पोरीला नेऊ नका बाबा." तुम्ही घास हातात धरून विचार केलात आणि इमानदारीनं म्हणालात, "पाण्याचं नक्की न्हाई मामी." आई पुढं महिनाभर काळजीत होती.

तुम्हाला त्या वरच्या जगाचं एवढं का, हे मला छप्पन साली कळलं. आपण नागपूरला दीक्षा घेऊन आलो आणि घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. पहिले काही दिवस मला फार भीती वाटली. तापबीप आला तर? गाय आटली तर? काहीच झालं नाही. गाय उलट जास्त दूध द्यायला लागली. त्यात देवांचा हात नव्हता, त्या वर्षी सरकी चांगली मिळाली होती. पण तुम्ही मला गोठ्याच्या दारात उभं करून म्हणालात, "बघ सगुणा, मानसाला वाटतं, दिलेली जागा सोडली की आपन पडू. कोनी पडत न्हाई." पुढं माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तुम्ही हेच वाक्य पुन्हा म्हणालात. तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. मी ते तुम्हाला दिसू न देता बघितलं होतं.

त्या दिवशी तुम्ही शाळेला सुट्टी देऊन टाकली, आणि ती कशाबद्दल दिली हे वरच्यांना सांगताना तुमची त्रेधा उडाली. पोरांना गूळ वाटलात, तो माझ्या डब्यातला. मी मात्र काही मानलं नाही. पुनवेला अंगणात उभी राहून निरखून बघितलं, चंद्र होता तसाच होता. मी म्हटलं, "एवढा मानूस चालून आला तर पायाचा एक ठसा तरी दिसायला पायजे." तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगं, दोन लाख मैलांच्या वर लांब हाय तो!" "मग तिथलं बोलनं रेडिओला कसं ऐकू येतं? मी चुलीपासून हाक मारली तर तुमाला ओसरीवर ऐकू येत न्हाई." तुम्ही मला रेडिओ समजावून सांगितलात. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण सांगताना तुम्ही इतके खुशीत होतात की मी पुढं काही विचारलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आपण तेव्हा अहमदपूरकडच्या गावात होतो. गावातली माणसं रस्त्याच्या कामावर आणि त्यांच्या मागं पोरं, म्हणून शाळा ओस पडली. तुम्ही फळा डोक्यावर घेतलात आणि शाळा कामावर नेलीत. एका लिंबाखाली तुमची शाळा, दुसऱ्या लिंबाखाली तान्ही लेकरं सांभाळत मी. दुपारी सुकडी वाटली जायची. त्या कामावर मी आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव एका ओळीत बसलेलं बघितलं. ज्यांनी कधी हातोडी धरली नव्हती त्या घरच्या बायका आपल्या बायकांना खेटून खडी फोडत होत्या. टँकर आला की पाण्याचं पिंप एक, आणि त्याला साखळीनं बांधलेला पेला एक. ज्याला तहान लागली त्यानं प्यावं. कुणाला आडनाव विचारायलासुद्धा त्राण नव्हतं.

मुक्ताबाई त्या ओळीतली. मळ्याची मालकीण, नाकात मोठी नथ आणि तोंड मोकळं. दुपारी तुम्ही खडीच्या ढिगावर उभे राहायचात, हातात भाकरी म्हणजे पृथ्वी आणि लिंबू म्हणजे चंद्र, आणि सांगायला लागायचात. बायका सुकडी खात ऐकायच्या. तुमचं सांगणं रंगात आलं की मुक्ताबाई मधेच तोंड घालायची.

"मास्तर, तिथून काय आनलं म्हनं त्यांनी?"

"दगड," तुम्ही छाती काढून म्हणालात.

मग सगळी ओळ अशी हसत सुटली की माझी निजलेली लेकरं उठून रडायला लागली. मुक्ताबाईनं हातोडी खाली टाकली. "आगं बया! एवढ्या लांब जाऊन दगूडच आनले? त्यास्नी म्हनावं, हितं या. फोडून, चाळून, ढीग लावून देतो!"

तुम्हीही हसलात. मग सांगितलंत की तिथं वजन फार हलकं लागतं, इथल्या सहाव्या हिश्शाएवढं. याचं मात्र सगळ्यांना कौतुक वाटलं. एक म्हातारी म्हणाली, मग डोईवरचं घमेलं फुलावानी लागंल. मुक्ताबाईनं तिला उडवून लावलं. "हलकं लागू दे की. मुकादम सहापट माती मागंल!"

गंमत अशी की बायकांनी ते सगळं खरं धरलं. पण त्यांच्या हिशेबी चंद्र म्हणजे या रस्त्यानंतर निघणारं पुढचं काम. माणसं तिथं गेली, दगड गोळा केले, म्हणजे खडीचंच काम असणार. मुक्ताबाईनं तर उघड विचारलं, "ते काम कवा सुरू व्हनार? मास्तर तुमी वळखीचे, आमची नावं आदी घाला." दुसरा कोणी असता तर त्यांची चूक दुरुस्त केली असती. तुम्ही नाही केलीत. तुम्हाला ती चूक फार आवडली होती. गंभीर होऊन म्हणालात, "मुक्ताबाई, पुढचा दुष्काळ पडंपर्यंत मानूस तिथं घर बांधून ऱ्हायला असंल. आन् आपल्यातलं कोणी ना कोणी त्यात असंल. हा माझा शब्द." त्या दिवसापासून तुम्ही 'चांदमास्तर' झालात. आणि त्याच हिवाळ्यात माणसं चंद्रावर शेवटची जाऊन आली. ती शेवटची होती, हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या साली पाऊस झाला. काम जिथल्या तिथं थांबलं, रस्ता एका शेताच्या बांधाशी येऊन संपला, आणि ओळ उठून आपापल्या घरी गेली. एका सकाळी मी मुक्ताबाईच्या विहिरीजवळून चालले होते. तहान लागली म्हणून थांबले. तिनं मला बघून तोंडभर हसून विचारपूस केली, अशोकची चौकशी केली, त्याच्यासाठी ओटीत हरभरा घातला. आणि पाणी दिलं. ओंजळीत, वरून, लांबून. तिला स्वतःलाही त्यात काही वेगळं केलं असं वाटलं नसणार. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही हरभऱ्याचा एक दाणा चावून बघितलात आणि म्हणालात, "म्हंजे दुष्काळ संपला म्हनायचा." मला वाटतं, चंद्राचा पहिला पापुद्रा त्या दिवशी निघाला.

तरी तुम्ही चिवट. पेपर आला की आधी आकाशाची बातमी शोधायचात. पुढच्या साली जातील, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी म्हणायचे, जाऊन आलेल्या यात्रेला कोण पुन्हा जातं? पुढं चंद्रावर गेलेल्यांच्याच देशाची, माणसं राहून आलेली आकाशातली प्रयोगशाळा खाली कोसळणार अशी बातमी आली आणि सगळा मुलूख घाबरला. उद्याचं कोणी बघितलंय म्हणून लोकांनी घरच्या कोंबड्या कापून खाल्ल्या. मुक्ताबाईनं माणसाकडून निरोप धाडला, "मास्तर, तुमी म्हनलेलं घर बांधलं म्हनं, आन् ते आमच्याच डोस्क्यावर पडायलंय!" मी पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, पण नंतर बराच वेळ उघड्या पेपरावर हात फिरवत बसलात. ते घर समुद्राकडं कुठंतरी पडलं. कोंबड्या मात्र फुकट गेल्या.

आणि मग उस्मानाबादेतून फुटून आपला लातूर जिल्हा झाला. तुम्ही किती खूश होतात! तुमची नोकरी संपत आली होती, तरी नवा शर्ट शिवलात. "सगुणा, नवं म्हंजे बिलकुल नवं. कोऱ्या पाटीवर लिहायचं." लातुरात एवढी गर्दी, गुलाल, फटाके, आणि तुम्ही त्या गर्दीत पोरासारखे टाचा उंचावून उभे. मी म्हटलं, तुम्ही उस्मानाबाद सोडून लातुरात आलात की चंद्रावर? तुम्ही म्हणालात, "सुरुवात अशीच व्हती."

त्यानंतर काही दिवसांनी पेन्शनच्या कामासाठी एका नव्या कचेरीत गेलात. कोणत्या ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही लिहीत नाही. घरी आलात, चपला काढल्या आणि माझ्यासमोर बसलात. म्हणालात, कचेरीची भिंत नवी, रंग ओला, दाराला अजून आंब्याची पानं. आत बघतो तर खुर्च्या जुन्याच. ट्रकमधून आणलेल्या, पाठीवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं. मी म्हटलं, खुर्च्यांचं काय एवढं, लाकूड चांगलं असंल. तुम्ही म्हणालात, "खुर्च्यांचं न्हाई गं. पानी मागितलं, तर शिपायानं आधी आडनाव विचारलं. मग कोनता पेला द्यायचा ते बघितलं."

मी तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही प्यालात. आणि म्हणालात, "चंद्राचं खोटं हाय सगळं."

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, आले एकदाचे माझ्या बाजूला! पण तुम्ही माझ्या बाजूला आलाच नव्हता. माणूस तिथं गेला यावर तुमचा पूर्ण विश्वास होता. माणूस तिथं जाऊन वेगळा होईल यावरचा उडाला होता. "बरं झालं गेले न्हाईत पुन्हा," तुम्ही म्हणालात. "गेले असते तर काय नेलं असतं? ह्याच खुर्च्या. हेच पेले. वस्ती बांधली असती, आन् पयला सवाल हा निघाला असता की गावकुसाबाहेरची मानसं कुठल्या अंगाला ठेवायची." त्या दिवसापासून तुम्ही पोरांना आकाशाचं सांगणं बंद केलंत. कोणी विचारलं तर म्हणायचात, मला त्यातलं फार मालूम न्हाई. गुरुजी, तुमच्या तोंडून ते वाक्य ऐकणं मला फार जड गेलं. तुम्ही आजारी पडलात तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

म्हणून मी बाजू बदलली. दुसरं करणार काय? चंद्र गेला तर तुमच्यात उरलं काय असतं? बनियन, चष्मा आणि पेन्शन. मी पेपर वाचायला लागले. अशोकला गाठून यानबीन समजून घेतलं. भाकरी वाढताना सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "रशियाची मानसं म्हनं कितीक महिने वर ऱ्हायली." तुम्ही म्हणायचात, "लटकून ऱ्हायली. ऱ्हानं वेगळं." मी म्हणायचे, "लटकल्याबिगर झाडावर कोन चढतं?" तुम्ही मान हलवायचात आणि वरण मागायचात. मी हे सगळं तुमच्यासाठी बोलते, मनातून नाही, हे तुम्हाला कळत होतं. मला तुम्ही कधी चारचौघांत पकडलं नाहीत, याबद्दल आभार.

एका दुपारचा वाद मात्र मी कधी विसरणार नाही. तुम्ही पुन्हा त्या वस्तीवर आलात. पाटावर बोटानं गाव काढून दाखवलंत, की वारा मावळतीकडून येतो, तो आधी गावावरून जातो आणि मग आपल्यावरून. आपल्यावरून गेलेला वारा गावाला लागू नये म्हणून आपली वस्ती उगवतीला. "गाव कुठलंबी घे, असंच हाय. चंद्रावरबी असंच काढतील."

मी शेंगा फोडत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अहो, पन तुमीच म्हनता की तिथं हवा न्हाई."

"न्हाई."

"मग वारा कसला वाहनार?"

"न्हाई वाहत."

"मग वारा कोनावरून कोनाकडं जातो ते कसं ठरवनार? वस्ती कुठल्या अंगाला टाकनार?"

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. आधी मिशी हलली, मग खांदे. मग तुम्ही असे हसलात, असे हसलात की खोकला लागला, चष्मा पडला, शेजारीण भिंतीवरून डोकावली. "वाराच न्हाई!" तुम्ही तिला ओरडून सांगितलंत. "वैनी, वाराच न्हाई तिथं!" तिला वाटलं, उकाड्याबद्दल बोलताय. ती म्हणाली, "हाव, लई गदगदतंय." आपण दोघं पुन्हा हसायला लागलो. इतक्या वर्षांच्या संसारात मला तुमच्याकडून शाबासकी मिळाली ती त्या दिवशी. तुम्ही माझ्या हातातल्या शेंगा घेऊन फोडून दिल्यात.

पण तुम्ही हार मानणाऱ्यांतले नव्हे. संध्याकाळी चहा पिता पिता म्हणालात, "पान्यावरून ठरवतील."

"पानीबी न्हाई तिथं. घरून न्यायचं. सगळ्यांचं एकाच टाकीत."

तुम्ही बशीतला चहा संपवलात, मिशी पुसलीत. "टाकीला तोट्या दोन बसवतील."

तो डाव तुमचा.

तुम्ही गेल्यावर मुक्ताबाई आली होती. एवढं वय झालंय, तरी दोन एसट्या बदलून इथं नांदेडला आली, अशोकच्या कॉलेजापायी आपण राहायला आलो तिथं. गुडघे धरून दारात बसली आणि आधी रडली, मग फोटोकडं बघून म्हणाली, "शब्द दिल्ता मास्तरनं. दोन दुष्काळ पडून गेले, पन न्हाई नेलं." बाकीच्या बायका दचकल्या. मला मात्र इतकं बरं वाटलं! सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते, तिनं एकटीनं भांडण काढलं. मी तिला चहा केला. ती प्याली, आणखी अर्धा कप मागून घेतला. आमच्याच कपातून, तोंड लावून. त्यावरून जग सुधारलं असं मी म्हणणार नाही. दुष्काळात तिनं पेला ओठाला लावलाच होता आणि पावसानंतर वरून पाणी ओतलंच होतं. तिच्या गावात काय चालतं ते ती जाणे. तिला साखरेचा चहा आवडतो, एवढं मात्र नक्की. जाताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानाशी लागून म्हणाली, "सगुनाबाय, आता तरी काय कळंल का, ते काम निगनार हाय का न्हाई?" मी म्हटलं, "निगंल." बघा, तुमच्या वतीनं मी पुन्हा शब्द देऊन बसले.

ती गेल्यापासून मी विचार करते आहे. हा शब्द मी तुमच्यासाठी दिला की माझ्यासाठी? तुम्हाला हसवायचं म्हणून मी चंद्राची बाजू घेतली होती. आता हसवायला तुम्ही नाही, तरी ती बाजू सुटत नाही. परवा रेडिओपुढं मी खरोखर श्वास रोखून बसले होते, तो माणूस धड खाली उतरेपर्यंत. ज्वारीत खडा राहिला, तो अशोकच्या दाताखाली आला. सगळा उद्योग तुमचा, आणि शिव्या मला.

आता तुमच्या त्या शेवटच्या संध्याकाळकडं येते. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, पण त्या संध्याकाळी तसं काहीसुद्धा नव्हतं. मी भाकरी थापत होते. तुम्ही पाट ओढून चुलीजवळ बसलात, माझ्या हाताकडं बघत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "समज सगुणा, गेले. बांधली वस्ती. तोट्या एक का दोन, ते गेल्यावर कळंल. तू येशील का?"

मी म्हटलं, "आधी जेवून घ्या."

तुम्ही जेवलात. लसणाची चटणी दोनदा मागितलीत. विषय तिथंच राहिला. मला वाटलं, उद्या बोलू.

गुरुजी, तो प्रश्न आज महिनाभर माझ्या मागं लागला आहे. काल भाकरी थापतानाच उजेड पडला, आणि मी पिठाच्या हातानं कपाळाला हात लावला. ज्या माणसाचा विश्वास पार उडाला आहे, तो बायकोला 'येशील का' म्हणून विचारतो का? ज्याला जायचंच नाही, तो सोबत कशाला शोधेल? म्हणजे दोन वर्षं तुम्ही ज्या बाजूनं माझ्याशी भांडलात, ती तुमची नव्हतीच. तुम्ही आतून निघालेलेच होता, फक्त एकट्यानं निघायचा धीर होत नव्हता. माझी वाट बघत होता. आणि मी म्हटलं, आधी जेवून घ्या! हे मला त्याच वेळी सुचलं असतं तर तुम्हाला तिथल्या तिथं पकडलं असतं, आणि तुमची ती चोरी पकडल्यावरची मिशी एकदा बघायला मिळाली असती. वाद मी जिंकले आहे. तुमच्या तोंडून ते ऐकायला मिळत नाही, एवढंच माझं दुःख आहे, आणि ते लहान नाही.

उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते. हो, आले असते. तिथं हवा नाही तर विस्तवही पेटायचा नाही, म्हणून भाकऱ्या इथूनच बांधून घेतल्या असत्या. उतरल्यावर तुम्ही इकडं तिकडं बघत उभे राहिला असता, कारण तुम्हाला तेवढंच येतं. मी हंडा घेऊन सरळ टाकीवर गेले असते. तोट्या दोन असत्या तर त्यांतली जी जवळ असेल तिच्याखाली तो लावला असता, आणि भरेपर्यंत तिथून हलले नसते.